कॅटरिनाचा दोष कोणाच्या पदरी घालायचा?

वादविवाद स्पर्धेची तयारी करणाऱ्या विधिशाखेच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, २००५ साली कॅटरिना चक्रीवादळात न्यू ऑर्लिन्स शहराची जी दैना झाली तिचा दोष अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे जातो, लुइझियाना राज्याकडे जातो की शहराच्या महापौरांकडे. आणि मुळात वादळासारख्या नैसर्गिक संकटासाठी सरकारला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्याय्य आहे का. आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांत मी हे प्रकरण बरीच वर्षे शिकवत आलो आहे. माझा अनुभव असा, की प्रशिक्षणार्थी पहिल्या तासाला एखाद्या माणसाचे नाव घेतात, मग ते अध्यक्ष बुश असोत, केंद्राच्या आपत्ती यंत्रणेचे प्रमुख ब्राउन असोत की महापौर नेगिन. आणि शेवटच्या तासापर्यंत ती नावे मागे पडून एका भिंतीची चर्चा रंगलेली असते. म्हणून उत्तराची सुरुवात मी त्या भिंतीपासूनच करतो.

आधी वादळाचा हिशेब चुकता करू. कॅटरिना २८ ऑगस्टला मेक्सिकोच्या आखातात पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र, श्रेणीचे झाले होते हे खरे, पण २९ ऑगस्टच्या सकाळी सहाच्या सुमारास ते लुइझियानातील ब्युरास येथे किनाऱ्यावर आले तेव्हा तिसऱ्या श्रेणीवर उतरले होते, आणि त्याचा डोळा शहराच्या पूर्वेकडून गेल्यामुळे प्रत्यक्ष न्यू ऑर्लिन्समध्ये वारे बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीचेच होते. निसर्गाचा खरा तडाखा शेजारच्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्याला बसला. तिथे समुद्राचे पाणी सुमारे साडेआठ मीटर चढले आणि गावेच्या गावे धुऊन नेली. न्यू ऑर्लिन्सचे तसे नव्हते. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला तो मुख्यतः पूरबांध आणि पूररोधक भिंती पन्नासहून अधिक ठिकाणी फुटल्यामुळे. प्रतिपक्ष जेव्हा म्हणेल की पाचव्या श्रेणीच्या वादळापुढे कोणाचे काय चालणार, तेव्हा एवढे लक्षात असू द्यावे. मिसिसिपीबद्दल तो युक्तिवाद काही अंशी चालेल. न्यू ऑर्लिन्सबद्दल तो लागू पडत नाही.

आता भिंत. न्यू ऑर्लिन्सचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे पावसाचे पाणी पंपांनी उपसून कालव्यांतून उत्तरेच्या पाँचरट्रेन सरोवरात सोडावे लागते. हे कालवे वस्तीच्या मधून जातात, आणि वादळात सरोवर फुगले की तेच पाणी उलट्या दिशेने शहरात शिरू पाहते. १९६५ साली बेट्सी वादळाने शहर बुडवल्यानंतर अमेरिकी संसदेने संरक्षणाचा मोठा प्रकल्प मंजूर केला आणि त्याची आखणी व बांधकाम लष्कराच्या अभियंता दलाकडे, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे, सोपवले. तेरा वर्षांत पुरे व्हायचे काम चाळीस वर्षांनंतरही अपुरे होते. कालवे सरोवराला मिळतात त्या तोंडाशीच दरवाजे बसवावेत, म्हणजे कालव्यात लाट शिरणारच नाही, हा पर्याय अभियंता दलाने मांडला होता. स्थानिक पूरबांध मंडळ आणि जलनिस्सारण मंडळ यांना तो नको होता, कारण दरवाजे बंद असताना पावसाचे पाणी उपसायचे कुठे हा त्यांचा प्रश्न होता. अखेर संसदेनेच १९९२ साली कालव्यांच्या दोन्ही काठांवर भिंती उंच करण्याचा आदेश दिला. तेव्हा या निर्णयात केंद्र आणि स्थानिक दोघेही होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पण भिंत किती खोल रोवायची, हा निर्णय मात्र निखळ अभियांत्रिकीचा होता. सतराव्या रस्त्यावरच्या कालव्याची भिंत म्हणजे जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे आणि त्यांच्या माथ्यावर ओतलेली काँक्रीटची पट्टी. खाली दलदलीची, सेंद्रिय गाळाची मऊ माती. १९८५ साली अभियंता दलाने अशा पत्र्यांची एक चाचणी घेतली होती. पाण्याच्या दाबाने भिंत बाहेरच्या बाजूला किंचित झुकली की तिच्या आणि मातीच्या मध्ये फट पडते, त्या फटीत पाणी शिरते आणि तळापर्यंत दाब पोहोचतो. चाचणीच्या वेळी गळती थांबवण्यासाठी तिथे ताडपत्री अंथरलेली असल्यामुळे ही फट कोणाच्या लक्षातच आली नाही. त्या चाचणीवरून निष्कर्ष काढला गेला की पत्रे सतरा फुटांपर्यंत ठोकले तरी पुरे, जिथे एरवी एकतीस ते सेहेचाळीस फूट लागले असते. पैसे वाचले. २९ ऑगस्टच्या सकाळी पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोहोचलेही नव्हते तेव्हा ती भिंत मागच्या मातीसकट सरकली. लंडन अव्हेन्यूच्या कालव्यावरही भिंती अशाच, पाणी माथ्याला लागण्याआधी, गेल्या. पुढे तपास पथके घराघरांतून बंद पडलेली भिंतीवरची घड्याळे गोळा करत फिरली, कारण कोणत्या गल्लीत पाणी केव्हा शिरले याचा तो एक मूक साक्षीदार उरला होता. जून २००६मध्ये अभियंता दलाने आपल्या अहवालात स्वतःच्या रचनेतील दोष मान्य केला.

आता विधिशाखेच्या विद्यार्थिनीला रस वाटेल असा भाग. दोष मान्य झाला, मग भरपाई? १९२८ सालच्या पूरनियंत्रण कायद्यात एक कलम आहे: पुरामुळे किंवा पुराच्या पाण्यामुळे झालेल्या कोणत्याही नुकसानीची जबाबदारी केंद्र सरकारवर येणार नाही. याच कलमाच्या आधारे न्यायमूर्ती स्टॅनवुड ड्यूव्हल यांनी जानेवारी २००८मध्ये सतराव्या रस्त्याच्या कालव्याचा दावा फेटाळला. फेटाळताना अभियंता दलावर त्यांनी कडक ताशेरे ओढले, पण हात बांधलेले होते. जहाजांसाठी खणलेल्या मिसिसिपी रिव्हर गल्फ आउटलेट या कालव्याच्या देखभालीत हयगय झाली म्हणून त्याच न्यायाधीशांनी नोव्हेंबर २००९मध्ये अभियंता दलाला दोषी धरले. अपील न्यायालयाने मार्च २०१२मध्ये तो निकाल कायम केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वतःचाच निर्णय फिरवला. म्हणजे चूक कबूल, चुकीचा कर्ता ज्ञात, हानी अब्जावधी डॉलरची, आणि कायद्याच्या दृष्टीने उत्तरदायी कोणीच नाही. वादविवादात "जबाबदारी" हा एकच शब्द आपण कर्तव्य, दोष आणि उत्तरदायित्व अशा तीन अर्थांनी वापरतो. कॅटरिनात हे तिन्ही अर्थ एकमेकांपासून इतके फारकत घेऊन उभे आहेत, की शब्दाचा अर्थ आधी ठरवून घेतल्याशिवाय व्यासपीठावर जाऊच नये असे मी सुचवेन.

भिंतीवर मी एवढा रेंगाळलो त्याला कारण आहे. लोकांच्या स्मरणात कॅटरिना म्हणजे दूरचित्रवाणीवर दिसलेले पाच दिवस. त्या पाच दिवसांतला सावळागोंधळ खरा होता, परंतु शहर बुडवणारा निर्णय त्याच्या वीस वर्षे आधी एका ताडपत्रीखाली झाला होता आणि त्याबद्दल कोणाला राजीनामा द्यावा लागला नाही.

पूर्वसूचना नव्हती, असे म्हणायला मात्र कोणाला जागा नाही. जुलै २००४मध्ये बॅटन रूज येथे केंद्र, राज्य आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी एकत्र बसून "हरिकेन पॅम" नावाच्या काल्पनिक वादळाचा सराव केला होता. वादळ तिसऱ्या श्रेणीचे, पाणी पूरबांधांवरून शहरात, साठ हजार मृत्यू, असे त्याचे गणित होते. या सरावातून निघालेल्या आराखड्यात मृतदेहांपासून ढिगाऱ्यापर्यंत पुष्कळ गोष्टी होत्या. वाहतुकीचा भाग अपुरा राहिला. एप्रिल २००५च्या राज्य आराखड्यात वाहन नसलेल्या लोकांना बाहेर काढण्याची जबाबदारी राज्याच्या वाहतूक खात्याकडे आली, आणि ऑगस्टपर्यंत त्या खात्याने त्यासाठी काहीही तयारी केलेली नव्हती. पुढे सिनेटच्या चौकशीत खात्याच्या प्रमुखांनी ते स्वतःच सांगितले. अध्यक्ष बुश १ सप्टेंबरला म्हणाले की, बांध फुटतील असे कोणालाही वाटले नव्हते. शब्दशः पाहिले तर सरावात पाणी बांधांवरून येते असे गृहीत होते, बांध फुटतात असे नव्हते, तेव्हा त्यांच्या विधानाला तांत्रिक आधार आहे. पण घरात कमरेपर्यंत पाणी आलेल्या माणसाला ते भिंतीवरून आले की भिंतीतून, याने काय फरक पडतो? शहर भरणार, हे तर कागदावर होतेच.

हवामान खात्याने आपले काम चोख केले होते. राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचे संचालक मॅक्स मेफिल्ड यांनी २७ ऑगस्टच्या रात्री महापौर रे नेगिन आणि राज्यपाल कॅथलीन ब्लँको यांना स्वतः दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अध्यक्षांसमोरही परिस्थिती मांडली. स्लायडेल येथील हवामान कार्यालयाने २८ तारखेला काढलेल्या इशाऱ्यात हा प्रदेश कित्येक आठवडे राहण्यायोग्य उरणार नाही असे स्पष्ट लिहिले होते. इशारे वेळेवर, अचूक आणि भीषण होते. अशा वेळी विलंबाला जी कारणे दिली जातात ती मला पटत नाहीत. राज्यपालांनी २६ तारखेलाच आणीबाणी घोषित केली, २७ला अध्यक्षांनीही केली, परंतु शहर सक्तीने रिकामे करण्याचा आदेश महापौरांनी २८ तारखेच्या सकाळी दिला, म्हणजे वादळ किनाऱ्याला लागायला वीस-एकवीस तास उरले असताना.

इथे एक गोष्ट सरकारच्या बाजूनेही सांगितली पाहिजे, नाहीतर उत्तर एकतर्फी होईल. ज्यांच्याकडे मोटार होती त्यांचे स्थलांतर उत्तम झाले. आदल्याच वर्षी आयव्हन वादळाच्या वेळी महामार्गांवर झालेल्या कोंडीतून राज्याने धडा घेतला होता आणि दोन्ही बाजूंच्या मार्गिका शहराबाहेर जाणाऱ्या वाहनांसाठी सोडण्याची योजना सुधारली होती. तिच्यामुळे दहा लाखांहून अधिक लोक वेळेत बाहेर पडले. जगातील कोणत्याही महानगराच्या दृष्टीने ही कामगिरी मोठी आहे. पण ती मोटारवाल्यांसाठीची योजना होती. शहरातील चौथ्या हिश्श्याहून अधिक घरांत वाहनच नव्हते. शिवाय महिनाअखेर होती. मदतीचा धनादेश एक तारखेला येणार, त्याच्या आधी तीन दिवस हातात पेट्रोलचे किंवा मोटेलचे पैसे कुठून असणार? "इशारा देऊनही लोक हलले नाहीत" असे जे म्हणतात त्यांनी हे दिनदर्शिकेचे गणित मांडून पाहावे. लुइझियानातील मृतांच्या अभ्यासात जवळजवळ निम्मे लोक ७५ किंवा त्याहून अधिक वयाचे आढळले. हट्टी नव्हे, म्हातारे.

या सगळ्यात एक छायाचित्र जगभर गाजले: पाण्यात छपरापर्यंत बुडालेल्या पिवळ्या शालेय बसगाड्यांची शिस्तीत लावलेली रांग. महापौरांवर टीका करणाऱ्यांचे ते आवडते अस्त्र होते, आणि ते रास्तही होते. पण मी वर्गात ते चित्र दाखवतो तेव्हा विचारतो की, या बसगाड्या चालवणार कोण होते? शाळांच्या बसगाड्यांवरचे चालक आपापल्या कुटुंबाला घेऊन शहर सोडून गेलेले, चालवायला लागणारा परवाना दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि लोकांना नेऊन सोडायचे कुठे हेही ठरलेले नाही. काही वर्षांपूर्वी कोकणातील एका किनारी तालुक्याचा आपत्ती आराखडा मला तपासायला दिला होता. "वाहन व्यवस्था" या रकान्यात "एसटी आगार" एवढेच लिहिलेले होते आणि पुढे एक दूरध्वनी क्रमांक. मी तिथल्या तिथे तो लावला. पलीकडचे गृहस्थ तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेले अधिकारी निघाले. त्यांना आपले नाव अजून त्या कागदावर आहे याचेच आश्चर्य वाटले. आराखड्यात बस असते, चालक नसतो. हा रोग काही एकट्या न्यू ऑर्लिन्सचा नाही.

सेंट बर्नार्ड परगण्यातील सेंट रीटाज या शुश्रूषागृहात ३५ वृद्ध बुडून मेले. मालक दांपत्याने त्यांना हलवले नव्हते, म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. बचाव पक्षाने मांडले की त्या परगण्यात सक्तीच्या स्थलांतराचा आदेशच नव्हता, अतिवृद्धांना हलवणेही जीवघेणे ठरते, आणि बांध फुटले नसते तर ही माणसे जगली असती. २००७ साली ज्यूरीने दोघांना निर्दोष सोडले. पुरात बुडून झालेल्या मृत्यूंबद्दल फौजदारी न्यायालयात कोण उभे राहिले, तर शुश्रूषागृह चालवणारे एक जोडपे. भिंतीचा आराखडा करणारे नव्हेत. ज्यूरीच्या मनात त्या वेळी नेमके काय होते ते सांगता येणार नाही, पण निकाल मला अन्याय्य वाटत नाही.

आता ते पाच दिवस. फेमा, म्हणजे केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा, हिचे एक अधिकारी मार्टी बहामॉन्डे शहरात हजर होते. २९ तारखेच्या संध्याकाळी त्यांनी हेलिकॉप्टरमधून सतराव्या रस्त्याच्या कालव्याचे खिंडार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि वरिष्ठांना कळवले. त्याच संध्याकाळी वॉशिंग्टनमधील गृहसुरक्षा खात्याच्या नियंत्रण केंद्राचा अहवाल सांगत होता की प्राथमिक माहितीनुसार बांध फुटलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी गृहसुरक्षा मंत्री मायकेल चर्टॉफ बर्ड फ्लूच्या बैठकीसाठी अटलांटाला गेले, आणि या संकटाला राष्ट्रीय महत्त्वाची घटना म्हणून घोषित करणारा कागद त्या दिवशी संध्याकाळी निघाला. लोकांना बाहेर काढण्यासाठी बसगाड्या हव्यात, ही मागणी फेमाने केंद्रीय वाहतूक खात्याकडे ३१ तारखेच्या पहाटे केली. तोवर सुपरडोम या क्रीडागारात हजारो माणसे वीज आणि शौचालयांविना अडकली होती, आणि कन्व्हेन्शन सेंटरमध्ये तर जिथे अन्नपाण्याचा साठाच ठेवलेला नव्हता अशा जागी आणखी हजारो जमली होती. कन्व्हेन्शन सेंटरमधील लोकांची बातमी दूरचित्रवाणीवर चालू असताना फेमाचे प्रमुख मायकेल ब्राउन यांनी १ सप्टेंबरला सांगितले की ती आपल्याला आजच कळली.

ब्राउन यांची थट्टा पुष्कळ झाली. ते आधी अरबी घोड्यांच्या संघटनेत काम करत होते. अध्यक्षांनी २ सप्टेंबरला त्यांची जाहीर पाठ थोपटली आणि दहा दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. थट्टा अस्थानी नव्हती, पण तिने मूळ दुखणे झाकले. १९७९ साली स्थापन झालेली फेमा १९९०च्या दशकात जेम्स ली विट यांच्या हाताखाली एक समर्थ, थेट अध्यक्षांशी बोलणारी यंत्रणा झाली होती. २००३ साली दहशतवादविरोधाच्या लाटेत ती नव्या गृहसुरक्षा खात्याच्या पोटात घातली गेली आणि तिची थेट वाट बंद झाली. ब्राउन यांच्या जागी अनुभवी माणूस असता तर नुकसान कमी झाले असते असे मला वाटते. शून्य झाले नसते.

त्याहून खोल कारण रचनेत होते. अमेरिकेत आपत्तीची पहिली जबाबदारी शहराची, मग राज्याची, आणि राज्याने मागितल्यावर केंद्राची. १९८८चा स्टॅफर्ड कायदा याच क्रमावर उभा आहे. एरवी हा क्रम शहाणपणाचाच, कारण आपले गाव आपल्याला जितके कळते तितके राजधानीला कळत नाही. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे: मागणारा जागेवर असेल, त्याचा दूरध्वनी चालू असेल आणि काय मागायचे ते त्याला ठाऊक असेल. लुइझियाना नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्यपालांच्या हुकमतीखालील राखीव सैन्यदलाचे, मुख्यालय जॅक्सन बॅरक्स स्वतःच पाण्यात होते. जवान आधी आपल्याच लोकांना वाचवत होते. गार्डची मोठी तुकडी इराकमध्ये होती. पोलिसांची संदेशयंत्रणा कोलमडली होती. अशा वेळी वरून "तुम्हांला नेमके काय हवे ते कळवा" असे विचारणे म्हणजे बुडणाऱ्याकडे लेखी अर्ज मागणे. राष्ट्रीय आराखड्यात महाभयंकर आपत्तीसाठी, मागणीची वाट न पाहता मदत पुढे रेटण्याची तरतूद होती. ती वापरली गेली नाही. मला विचाराल तर केंद्र सरकारवरचा सर्वांत भक्कम आरोप हाच आहे, कारण इथे अधिकार होता, माहिती होती आणि साधनेही होती.

त्यावर सैन्याच्या ताब्याचा वाद झाला. गार्ड आणि नियमित सैन्य एकाच, म्हणजे केंद्राच्या, हुकमतीखाली यावे असा प्रस्ताव व्हाइट हाउसने मध्यरात्री राज्यपालांकडे पाठवला आणि ब्लँको यांनी तो नाकारला. बुश रिपब्लिकन, ब्लँको डेमोक्रॅट. दोन्हीकडे उद्याच्या मथळ्यांची चिंता होती असे म्हणायला जागा आहे. तथापि राज्यपालांच्या नकाराला कायदेशीर कारणही होते: केंद्राच्या ताब्यात गेलेले सैनिक १८७८च्या कायद्यामुळे पोलिसी काम करू शकत नाहीत, राज्याच्या ताब्यातले गार्ड करू शकतात. अखेर ३ सप्टेंबरला अध्यक्षांनी सात हजारांवर नियमित सैनिक पाठवले, गार्ड राज्याकडेच राहिले, आणि जनरल रसेल ऑनोरे यांनी दोन्हींची सांगड आपल्या आवाजाच्या जोरावर घातली. वाद सोडवायला लागलेले दिवस वाया गेले, एवढे निश्चित.

प्रतिपक्षातून कोणी तरी असेही म्हणेल की, सरकार नावाची गोष्टच अशा वेळी निकामी असते. खासगी दुकानदारांनी पाणी आधी पोहोचवले. त्याला तटरक्षक दलाचे उदाहरण द्यावे. कोस्ट गार्डने ३३ हजारांहून अधिक माणसे वाचवली. तेही त्याच गृहसुरक्षा खात्यातले, तेच मंत्री, तेच दिवस. त्यांनी विमाने आणि होड्या वादळाच्या वाटेबाहेर आधीच हलवून ठेवल्या, आणि वारा उतरू लागताच छपरांवरून माणसे उचलायला सुरुवात केली. तिथे काय करायचे ते वैमानिकाने जागेवर ठरवायचे, ही त्यांची रोजची रीत आहे. वरून परवानगी येईपर्यंत दोरी खाली सोडायची नाही असा त्यांच्याकडे नियम नाही. तेव्हा प्रश्न सरकार असावे की नसावे हा नव्हताच. निर्णयाचा अधिकार कोणत्या पायरीवर ठेवला आहे, हा होता.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटायचे कारण नाही. कॅटरिनाच्या एक महिना आधी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या अतिक्रमणावरून आपल्याकडे जो वाद पेटला, माधवराव चितळे यांच्या समितीपुढे जे प्रश्न आले, त्यातही "एवढ्या पावसापुढे कोण काय करणार" हे वाक्य होतेच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. आणि सप्टेंबरमध्ये, मुंबईचा चिखल पुरता वाळलेला नसताना, भारतीय हवाई दलाचे आयएल-७६ विमान पंचवीस टन मदतसामग्री घेऊन अर्कान्सासमधील लिटल रॉकला उतरले होते. तो प्रसंग मला अजून गमतीचा वाटतो, आणि थोडा अभिमानाचाही.

मग दोषाची वाटणी कशी करायची? शहर बुडण्याचा दोष बहुतांशी केंद्राचा, अभियंता दलाच्या रूपाने. दरवाजे नाकारण्यात आणि देखभालीच्या पाहणीत ढिलाई करण्यात स्थानिक मंडळांचा वाटा. वाहन नसलेले लोक मागे राहण्याचा दोष आधी राज्याच्या वाहतूक खात्याचा आणि महापौरांच्या विलंबाचा. पाच दिवस लोक तिष्ठत राहिले त्याचा मोठा वाटा पुन्हा केंद्राचा. बुश यांनी १३ सप्टेंबरला केंद्राच्या उणिवांची जबाबदारी स्वीकारली, ब्लँको यांनीही आपल्या राज्यातील त्रुटी आपल्याकडे घेतल्या. दोघांच्याही वाक्यांत ताडपत्री नव्हती. मृतांचा आकडा दीर्घकाळ १,८३३ सांगितला जाई. २०२३ साली चक्रीवादळ केंद्राने तो १,३९२ असा सुधारला. स्पर्धेत नवा आकडा वापरावा, नाहीतर जाणकार परीक्षक तिथेच पकडेल.

भिंतींवर नंतर सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर खर्च झाले. कालव्यांच्या तोंडाशी एकदाचे दरवाजेही बसले. २०२१ साली, त्याच २९ ऑगस्टला, आयडा नावाचे अधिक जोरदार वादळ आले आणि त्या भिंती टिकल्या. वीज मात्र गेली, आणि उकाड्यात आपापल्या खोल्यांत अडकलेले काही वृद्ध दगावले. लुइझियानातील सात शुश्रूषागृहांतील आठशेहून अधिक वृद्धांना त्या वेळी हलवले होते, आराखड्याप्रमाणे. हलवले ते इंडिपेंडन्स गावातील एका गोदामात, जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांवर. त्यांतले काही जण तिथेच गेले, आणि त्या सातही गृहांचे परवाने राज्याने रद्द केले.